समदं माजं

सुई आत गेली आणि शीर सापडलीच नाही. मेघाच्या हातून असं वर्षातून एकदाही होत नसे. जाड दंडांची, शिरा न दिसणारी माणसं तिचं नाव विचारत त्या लॅबचा जिना चढायची. खुर्चीवरच्या बाईनं "आई गं" म्हणून हात आखडला. मेघानं सुई काढली, कापूस दाबला, "चुकलं हं, दुसऱ्या हातातून घेते," असं तोंडानं म्हटलं, पण तिचे कान दाराबाहेर लागले होते. बाहेर बाकावर रिपोर्टसाठी थांबलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमधून आत्ता तिच्या आईचा आवाज आला होता. "माजं हाय ते! समदं माजं!" आई तर तिकडे गावी, लोधिवलीला होती, ह्या वेळी ओट्यावर वाल सोलत बसलेली असणार. आवाज पुन्हा आला, अगदी तसाच, त्याच चढावर चढून त्याच ठिकाणी फाटणारा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मागून हसू आलं.

दुसऱ्या हातातली शीर मिळाली. नळीत रक्त भरताना मेघा त्याच्याकडे बघत राहिली, नळीवर नाव लिहिलं, आणि मग हातमोजे न काढताच बाहेर आली. बाकावर एक मध्यमवयीन गृहस्थ आणि त्यांची बायको एकाच मोबाइलवर वाकून बसली होती. पडद्यावर कुठल्याशा लग्नात एक जाडा माणूस ताटात गुलाबजाम रचत होता आणि त्याच्या तोंडी आईचा आवाज चिकटवलेला होता. "ताई, तुम्ही बघितलं नाही? सगळीकडे फिरतंय," गृहस्थ म्हणाले. "भुताच्या पिक्चरमधली हावरी म्हातारी. मरतेय, तरी सोडत नाही." बायको म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी दुसरी पोळी मागितली की पोरं आता हेच ओरडतात." दोघं पुन्हा हसली. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मेघानं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच : "रिपोर्ट साडेबाराला मिळेल." ती आत आली, हातमोजे काढले, बेसिनवर हात धुतले, पुन्हा धुतले. ती माझी आई आहे, हे चार शब्द तोंडाशी येऊन माघारी गेले होते.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ कपिल सिनेमावाल्यांचा टेंपो चालवत होता. चौक गावाच्या अलीकडे एका जुन्या बंगल्यात हिंदी भुताच्या सिनेमाचं शूटिंग लागलं होतं, आणि त्यांना एक म्हातारी हवी होती, चेहऱ्यावरून खरी वाटणारी. मुंबईहून आणलेल्या दोघी त्यांना पसंत पडल्या नाहीत. कपिलनं आईला नेऊन उभं केलं, आणि आईनं आठ दिवस काम केलं. परत आल्यावर फोनवर सांगत होती, "जमिनीत पुरली मला, मेघे. गळ्यापातूर. वरून गार माती टाकत व्हते." मेघानं हं हं केलं होतं. सिनेमा आला तेव्हा तिनं बघितला नाही. भुताचे सिनेमे मला झेपत नाहीत, असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं, कारण मेघाला बऱ्याच गोष्टी झेपत नसत.

दोन वाजता लॅब बंद झाली. तिनं शटर अर्धं ओढलं, पेशंटच्याच खुर्चीवर बसली आणि मोबाइलवर तो सिनेमा लावला. नमुन्यांचा फ्रिज घुर्र करत होता, डब्यातली भाजी तशीच होती. गोष्ट साधी होती. मुंबईचं एक तरुण जोडपं डोंगरापायथ्याचं जुनं घर विकत घेतं, घरासोबत अकरा एकर जमीन घेतं, विहीर घेतं, आमराई घेतं. त्या घराच्या उंबऱ्याखाली मोहरांचा हंडा असतो आणि हंड्यावर काहीतरी बसलेलं असतं. हे फक्त घर राखणाऱ्या म्हातारीला ठाऊक असतं. म्हातारीला हाव सुटते. ती उंबरा नखांनी उकरते, तिची बोटं काळी पडतात, बोटांतून अळ्या निघतात, आणि शेवटी जमीन तिला गिळते. म्हातारी ओरडते, सगळं माझं. जमीन तोंडापर्यंत येते. मग नुसते पांढरे केस. मग काही नाही. जोडपं वाचतं. सकाळचं ऊन पडतं, बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवते, आणि दोघं आपल्या अकरा एकरांकडे बघत उभी राहतात. शेवटी नावांची लांबच लांब यादी वर सरकली. मेघानं ती थांबवून थांबवून वाचली. जेवण देणाऱ्याचं नाव होतं, कुत्रा सांभाळणाऱ्याचं होतं. आईचं नव्हतं. एका ओळीत नुसतं लिहिलं होतं : बूढ़ी औरत.

लहानपणी ती आणि कपिल शेजाऱ्यांच्या टीव्हीवर असले सिनेमे बघायची. कपिल भूत आलं की पांघरुणात घुसायचा. मेघाला भुताची भीती कधी वाटलीच नाही. तिला भीती वाटायची ती हाताची. प्रत्येक सिनेमात कुणाचा तरी हात पुढे सरकायचा, पेटीच्या कडीकडे, मूर्तीच्या डोळ्यातल्या खड्याकडे, दुसऱ्याच्या बोटातल्या अंगठीकडे. तो हात सरकताना तिच्या पोटात कळ यायची. नको घेऊस, नको घेऊस, असं ती मनात म्हणायची, आणि तो घ्यायचाच. आज चाळिशीला टेकल्यावर, त्या रेक्झिनच्या खुर्चीत, तिला पहिल्यांदा वाटलं की तो हात नेहमी नोकराचा असायचा, माळ्याचा असायचा, गावातल्या कुठल्यातरी उपाशी माणसाचा असायचा. ज्यानं डोंगर घेतला त्याच्या उशाशी काही येऊन बसत नसे. सातबाऱ्यातून भूत उठलेलं तिनं कुठल्याच सिनेमात पाहिलं नव्हतं. एका हंड्यासाठी मात्र जमीन फाटायची.

आणि गळ्यापर्यंत पुरलेली आई बघताना तिला दुसरं काही दिसत राहिलं होतं, जे तिनं तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई कर्जत रस्त्याच्या एका फार्महाऊसवर झाडलोट करायची. शेठ महिन्यातून एकदा यायचा. बाकी दिवस तिथं गवत आणि निळ्या फरशांचा पोहायचा हौद एकमेकांकडे बघत पडलेले असायचे. त्या वर्षी एप्रिलातच वस्तीची विहीर तळाला गेली. शेठनं दोन नव्या बोअर मारल्या होत्या, त्यांनीच विहिरीचं पाणी ओढलं असं मोठी माणसं हळू आवाजात म्हणायची. बाया रात्रभर विहिरीत वाटी वाटी झरा भरत बसायच्या. एका दुपारी मेघा शाळेतून थेट आईकडे गेली. फाटक उघडं होतं. आई कुठं दिसेना. मग दिसली. हौदात, लुगड्यासकट, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. लुगडं फुगून तिच्याभोवती हिरव्या पानासारखं पसरलं होतं, डोळे मिटलेले होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मेघाला हाक मारवेना. आईचा तसा चेहरा तिनं घरात कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्याला कुणीच नको होतं, मुलं नको होती, नवरा नको होता. मेघा दप्तर छातीशी धरून उभी राहिली, आणि मागून गाडी आली. शेठाणी न कळवता आली होती. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. नाकावर रुमाल धरून ड्रायव्हरला म्हणाली, "पूरा पानी निकालो. इन लोगों को जितना दो, कम ही पड़ता है." दुपारभर पंप लावून हौद रिकामा केला. ते पाणी रस्त्याकडेच्या नाल्यात गेलं. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन नाल्यावर धावल्या, आणि आई ओल्या लुगड्यानं त्यांच्यामधून चालत घरी आली. काम गेलं. बाप, चंदर, रात्री विचारत होता, "काय गरज व्हती तुला?" आई म्हणाली, "गरज नव्हती. हाव सुटली." शेजारच्या बायांनी ते ऐकलं. पुढे किती वर्षं मेघा आईच्या नावानं, ठकूची पोर म्हणून नाही, हौदात बसलेलीची पोर म्हणून ओळखली गेली.

त्या दिवसापासून मेघानं हात आवरला. असं ठरवून कुणी आवरत नाही, पण आवरला गेला. वर्गात खाऊ वाटला की ती शेवटी उभी राहायची. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे आला की ताटावर आडवा हात धरायची. "मला काही नको" हे वाक्य तिच्या तोंडात जिभेसारखं राहायला आलं. बारावीला चांगले मार्क होते, मास्तर म्हणाले, नर्सिंगला नाही, मेडिकलला अर्ज कर, सवलत आहे, हक्क आहे तुझा. तिला त्या हक्क शब्दाचीच लाज वाटली, आणि तिनं लॅबचा छोटा कोर्स केला. बाप गेल्यावर कपिलनं घर बांधताना हक्कसोडीचा कागद पुढे केला, तेव्हा तिनं न वाचता सही केली. सगळे म्हणाले, पोरगी किती समाधानी. आता ह्या खुर्चीत बसल्यावर तिला शंका आली की ते समाधान नव्हतंच. ती आयुष्यभर एका रुमालाला घाबरून होती. आणि एवढं करूनही शेवटी तो आवाज मोबाइलमधून जिना चढून वर आलाच.

ती शेअर रिक्षानं चौकला उतरली, तिथून दुसरी पकडून लोधिवलीला आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डरांची पत्र्याची कुंपणं लागली होती, त्यांवर तळी आणि बंगल्यांची चित्रं. डोक्यात तिनं वाक्यं जुळवली होती : आई, लोक हसतात तुला. आपण तक्रार करू. काढून टाकायला लावू.

घरासमोर एक पांढरी गाडी उभी होती. आत पलंगावर डोक्यावर गॉगल चढवलेली एक मुलगी बसली होती, हातात चहा, मांडीवर फाइल. कपिल तिच्या पुढ्यात बिस्किटांचा पुडा फोडत होता. आई खाली चटईवर पाय पसरून वाल सोलत होती. "ही माजी लेक," आई म्हणाली. "रगत काढते." मुलीचं नाव हर्षला. ती डायरेक्टरची असिस्टंट, पुण्याची, बोलायला गोड. सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता. आईच्या त्या एका वाक्यानं सिनेमा चालला, असं ती स्वतःच मोकळेपणानं म्हणाली. "आजी ह्या वेळी जमिनीतून उठून परत येतात. पहिल्यापेक्षा मोठा रोल आहे."

"नाही करणार ती," मेघा म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. "आई, तुला माहीत आहे का, लोक काय करतायत त्याचं? हसतात. माझ्या लॅबमध्ये बसून हसतात. हावरी म्हातारी म्हणतात तुला."

"म्हाईत हाय. कपिलनं दावलं."

"आणि तुला काही वाटत नाही?"

आईनं एक वाल सोलून पातेल्यात टाकला. "तू काय म्हनलीस त्यान्ला?"

मेघानं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तेवढ्यातच आईला सगळं कळलं असावं, कारण तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं, आणि त्या खाली पाहण्यानं मेघाला घरातून निघून जावंसं वाटलं.

"लाजलीस व्हय," आई म्हणाली. रागानं नाही. "लहान व्हतीस तवाबी फाटकात उभी राहून लाजलीस. मी डोळं मिटलं व्हतं, पन तुजं दप्तार वाजलं व्हतं, मला आयकू आलं." तीस वर्षं ही गोष्ट दोघींनी आपापल्या ठिकाणी धरून ठेवली होती. आई आता हर्षलाकडे वळली. "हिला सांग गं, पोरी. त्या कागदात काय लिवलं व्हतं माज्या तोंडी?"

हर्षला हसली, जरा अवघडून. "ते खरंय. स्क्रिप्टमध्ये आजींना माफी मागायची होती. हात जोडून, मुझे माफ़ कर दो, मैं लालच में अंधी हो गई थी, असं काहीतरी. सहा टेक झाले. आजी बोलेचनात. आणि सातव्याला एकदम ते 'समदं माजं' बोलल्या. सरांना वाटलं, चुकून मस्त झालं."

"चुकून नाय," आई म्हणाली. "मला पाठ व्हतं माफीचं. गळ्यापातूर माती, वर ते दोघं उभी, अन् मी त्यान्ला हात जोडायचं? कशापायी? घर मी झाडलं, उंबरा मी सारवला, हंडा मला म्हाईत, अन् माफीबी मीच मागू? तोंडात माती गेली तरी बोलायची नाय, असं ठरिवलं. मग आपसूक आलं तोंडाला."

मेघाच्या कानात ते वाक्य पुन्हा उमटलं, लॅबच्या दाराबाहेर फाटलेलं, पण आता ते कुणी चिकटवलेलं वाटेना. ते आईनं पाण्यात बसून मनात म्हटलं असेल, नाल्यावरच्या बायांमधून चालताना म्हटलं असेल, आणि मोठ्यानं म्हणायला तिला सिनेमावाल्यांच्या मातीत जावं लागलं. हसणाऱ्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्यांनी नेमकं तेच उचललं होतं. कुणी माफीचं वाक्य उचललं नसतं.

"मी करीन," आई म्हणाली, "पन माजं नाव पायजे. म्हातारी नाय. ठकूबाई चंदर ओव्हाळ. आख्खं. दुसरं, माफी मागनार नाय. अन् तिसरं, ह्या टायमाला मरनार नाय."

हर्षलानं कप खाली ठेवला. "आजी, पहिल्या दोन्हींचं मी सरांशी बोलते. पण शेवटी तुमचा नाश तर करावाच लागतो. हॉररमध्ये तसंच असतं. हाव केली की शिक्षा."

"कोनाला झाली?"

"म्हणजे?"

"आजपातूर हाव करून गाडला गेलेला एक मानूस दाव मला. ह्या रस्त्यानं आलीस ना? पत्रं बगितलंस? कोन गाडला गेला त्यातला? नाल्यातली वाळू गेली, डोंगराचं टक्कल झालं, कोनाची बोटं काळी झाली?" आईचा आवाज चढला नव्हता, ती वाल सोलत होती. "आमी हिरीतलं पानी मागितलं तरी हावरट. हाय मला हाव. मरंस्तवर ऱ्हाईल. पन तिच्यापायी मी आता पुन्यांदा मातीत जानार नाय. तुज्या सायबाला इचार."

कपिल तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आये, हातचं घालवू नकोस." आईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. हर्षला अंगणात जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. मेघा चटईवर आईच्या शेजारी बसली आणि वाल सोलू लागली. भिजलेल्या वालांचा कच्चा, हिरवट वास बोटांना लागला. हर्षला आत आली ती हसतच. "सर आधी नाहीच म्हणाले. मग प्रोड्युसर म्हणाले, ठीक आहे, आजींना जिवंत ठेवू. तिसरा भाग काढता येईल."

आई हसली. तिच्या पुढच्या दातांतली फट मेघाला कित्येक दिवसांनी दिसली. "बग," आई म्हणाली, "हावेनंच वाचीवलं."

शूटिंग माघात लागलं. मेघानं चार दिवस रजा टाकली, नोकरीत पहिल्यांदाच मागून, कारण न सांगता. बंगला तोच होता; मागे इर्शाळगडाचा सुळका उन्हात करडा दिसत होता. पहिल्या दिवशी सकाळपासून आई चेहऱ्यावर रबराच्या सुरकुत्या चिकटवून, केसांत राख घालून, काळ्या बोटांनी उंबऱ्यावर उभी राहत होती आणि पुन्हा पुन्हा तेच करत होती. ती भीतिदायक दिसत होती. नायिका, एक बारीकशी मुलगी, तिसऱ्या टेकला खरंच किंचाळली आणि नंतर आईला म्हणाली, "आजी, आप सच में डरा देती हो." आई म्हणाली, "मंग काय!" हर्षलानं छापलेला कागद मेघाला दाखवला, त्यावर नाव होतं, आख्खं, फक्त ओव्हाळमधल्या ळचा ल झाला होता. मेघानं तिथल्या तिथे पेन मागून तो दुरुस्त करायला लावला.

जेवणाची सुट्टी झाली. जुनिअर कलाकारांसाठी आंब्याखाली ताडपत्री अंथरली होती. आई तिकडे निघाली, सवयीनं, आणि बसण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवून वाकली. गुडघा वाकेना. ती तशीच अर्धी वाकलेली थांबली, एका हातानं आंब्याचं खोड चाचपडत. राखेच्या केसांतून घाम ओघळत होता. पलीकडे, मांडवाखाली, काळ्या कापडाच्या सहा खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांतल्या चार रिकाम्या होत्या. कुणी आईला खाली बस म्हटलं नव्हतं आणि वर बस असंही म्हटलं नव्हतं; तसं म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मेघाच्या पोटात जुनी कळ आली. हात सरकतानाची. तिनं ती कळ ओळखली, आणि कळ असतानाच ती मांडवाकडे चालत गेली. मधली एक रिकामी खुर्ची उचलली. ती वाटली त्यापेक्षा हलकी होती. उन्हातून ती आंब्यापर्यंत आणली, ताडपत्रीवर ठेवली, कापड हातानं झटकलं आणि म्हणाली, "बस, आई."

आईनं खुर्चीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग दोन्ही काळ्या हातांनी खुर्चीचे हात धरून ती बसली, सावकाश, आणि पाय लांब केले.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस धावत आला. "मॅडम, मॅडम, वो सर की कुर्सी है."

"माहीत आहे," मेघा म्हणाली. "सर आले की सांगा, तिथं ठकूबाई ओव्हाळ बसल्यात." माणूस आईच्या चेहऱ्याकडे बघून एक पाऊल मागे सरला. ताडपत्रीवरची माणसं ताटं हातात धरून बघत होती. मेघा पुन्हा मांडवाकडे गेली. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी टोपी आणि पाण्याची बाटली होती. तिनं दोन्ही उचलून मागोमाग आलेल्या त्या माणसाच्या हातात दिली, ती खुर्चीही उन्हातून ओढत आंब्याखाली आणली, आईच्या खुर्चीला लावून ठेवली, आणि पाठ टेकून तीत बसली.